डाव्या चाकाचं बेअरिंग

गाडी आधी नुसती गुणगुणायची. फ्रीवेवर जरा वेग घेतला की डाव्या बाजूनं घूं घूं सुरू व्हायचं आणि गाडी उजवीकडे वळली की ते वाढायचं. अजितनं आधी टायरला दोष दिला, मग रस्त्याला आणि मग सवयीप्रमाणे महापालिकेला. शेवटी शिवडीच्या चिंतामणी मेकॅनिकनं, ज्याला सगळे चिंतूच म्हणतात, गाडी जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवलं आणि निकाल दिला. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. चांगल्यातलं आणून दे, मी बसवतो, म्हणाला, आणि स्वस्तातलं आणणार असलास तर दुसरं गॅरेज शोध, हेही त्यानं वर ऐकवलं.

हे प्रकरण आणखी महिनाभर सहज खपून गेलं असतं, कारण आपल्याकडे गाडी बंद पडल्याशिवाय ती बिघडली असं कुणी मानत नाही. पण येत्या रविवारी महाडला जायचं होतं. अजितच्या आईच्या, जाईबाईंच्या, थोरल्या बहिणीनं सारा जन्म कुडाच्या घरात काढून आता कुठे पक्कं घर बांधलं होतं. रविवारी सकाळी तिथं बुद्धवंदना आणि मग जेवणं. तू आल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही, असं ती रोज फोनवर बजावत होती. जाईबाईंचा गुडघा नुकताच बदललेला. एसटीत त्यांना चढवायचं म्हणजे दोन माणसं खालून आणि एक वरून लागलं असतं. तेव्हा गाडी हवी आणि ती हायवेवर भरवशाची हवी.

गुरुवारी संध्याकाळी अजित मोबाइलवर बेअरिंगं बघत बसला. शंभर तऱ्हेची होती. स्वस्त, महाग, त्याहून महाग, आणि फोटो मात्र सगळ्यांचा एकच. जे बरं वाटेल ते सोमवारशिवाय घरी येणार नव्हतं. दुकानात जाऊन आणायचं तर शुक्रवारी त्याला ऑफिसमधून हलता येत नव्हतं. लोअर परळच्या एका कंपनीत तो कॉम्प्युटरचा सगळा कारभार सांभाळतो आणि त्या दिवशी तिथं नवीन यंत्रं लागायची होती.

शामराव, म्हणजे अजितचे वडील, घरातले आप्पा, खिडकीपाशी पेपर धरून बसले होते. पेपर सकाळीच वाचून झाला होता, पण कान दुसरीकडे लावायचा तर तोंडासमोर काहीतरी हवं. त्यांचं सगळं आयुष्य परळच्या गिरणीत, सूत कातणाऱ्या रिंग खात्यात गेलं. साच्यांच्या, म्हणजे कताईच्या यंत्रांच्या, खालचा कापूस झाडायला म्हणून ते आत शिरले आणि गिरणीला टाळं लागलं तेव्हा फिटर होऊन बाहेर पडले. आता त्याच परळात, जिथं त्यांची चाळ होती तिथंच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये ते राहतात. घरात कुणी त्यांना वावगं बोलत नाही. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, सून वैशाली तर पोटच्या पोरीसारखी. फक्त कुणी काही विचारत नाही. गॅस, बिलं, डॉक्टर, प्रवास, सगळं अजितच्या मोबाइलवर ठरतं आणि ठरल्यावर आप्पांना कळवलं जातं. तक्रार करावी असं त्यात काही नाही, आणि तेच तर दुखतं.

“आप्पांना सांग ना,” वैशाली आतून म्हणाली. “त्यांचा जन्म बेअरिंगातच गेलाय.”

अजित लगेच काही बोलला नाही. ते थोडंसं थांबणं शामरावांच्या काळजाला लागलं. पेपरच्या आड त्यांनी श्वास धरून ठेवला.

“आप्पा, तुम्ही बघाल का?” अजित म्हणाला. “चिंतूनं जुन्याचा नंबर दिलाय. चांगल्यातलं आणा. तुमच्यावर सोडतो मी.”

“बघू,” शामराव म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं. ते किती खूश झाले होते हे त्या ‘बघू’वरून फक्त जाईबाईंना समजलं. रात्री त्यांनी तिला बेअरिंग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चाक ज्याच्यावर फिरतं ते. तुझा गुडघा झिजला म्हणून बदलला, तसं गाडीचं ते बदलायचं. माझ्या गुडघ्याच्या वेळी तुम्ही डॉक्टरला इतकं खोदून विचारलं नव्हतं, असं म्हणून जाईबाई कूस बदलून झोपल्या.

आता त्या लोहचुंबकाबद्दल सांगायला हवं. शामरावांच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटी कापडी पिशवी असते आणि तिच्यात लोहचुंबक. गिरणीतली सवय. त्या काळी साच्याच्या बेअरिंगचा पिंजरा, म्हणजे आतल्या गोळ्या जागेवर धरून ठेवणारी कडी, पितळेची असली तरच बेअरिंग टिकायचं. चोरट्या मालात पत्र्याच्या कडीला पिवळा मुलामा दिलेला असे. डोळ्यांना फरक कळायचा नाही, पण लोहचुंबक लावलं की सोंग उघडं पडायचं. पितळेला ते चिकटत नाही, पत्र्याला चिकटतं. एकदा शामरावांनी असा आख्खा पेटारा पकडून दिला होता. ही हकिकत घरातल्या सगळ्यांनी ऐकली होती, म्हणजे अर्धी ऐकली होती. शामराव पेटाऱ्यापर्यंत पोचले की अजित म्हणायचा, ऐकलंय आप्पा, आणि हकिकत तिथंच थांबायची.

गिरणीतलं लोहचुंबक पुढे मवाळ झालं, साधी टाचणीही उचलेना. तेव्हा अजित नुकता नोकरीला लागला होता. ऑफिसातल्या एका बाद झालेल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमधून त्यानं चंद्रकोरीच्या आकाराचं, आरशासारखं चकचकीत लोहचुंबक काढून वडिलांना आणून दिलं. दिसायला बोटभर, पण कपाटाला चिकटलं तर सोडवताना नखं दुखावीत इतकं जबर. शामरावांना त्याचं फार अप्रूप. पोराच्या धंद्यातली वस्तू आपल्या धंद्याला उपयोगी पडली, हे त्यांनी चाळीत घरोघरी जाऊन दाखवलं होतं. आता चाळ नाही आणि बेअरिंगंही नाहीत. जाईबाईंच्या हातून सांडलेल्या सुया तेवढ्या ते उचलून देतात.

शुक्रवारी सकाळी शामराव इस्त्रीचा सदरा घालून निघाले. ऑपेरा हाऊसच्या बाजूला गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं ओळीनं आहेत. पहिल्याच दुकानात एका तरण्याबांड माणसानं नंबर पाहिला न पाहिला आणि तेलकट कागदात गुंडाळलेलं बेअरिंग पुढ्यात टाकलं. कंपनी तीच आहे, फक्त खोका नाही, म्हणाला. शामरावांनी ते हातात घेऊन आतली कडी बोटानं फिरवली. ती भिंगरीसारखी गरगर फिरली. नवख्या माणसाला वाटतं, वा, काय हलकं फिरतं. पण आत पुरेसं ग्रीस भरलेलं असेल तर नवीन बेअरिंग असं नाचत नाही, जरा जडपणानं, मुकाट फिरतं. शिवाय कडेवरचा नंबर असा खोल ठोकलेला की बाजूचं पोलाद उचललं गेलं होतं. शामरावांनी ते परत ठेवलं आणि पायऱ्या उतरले.

गिरगावच्या बाजूला आणखी थोडं पुढे हितेंद्रभाईंचं दुकान होतं. दुकान जुनं आणि हितेंद्रभाई पन्नाशीचे. गिरगावात वाढलेले गुजराती, मराठी तुमच्या-आमच्यासारखं बोलणारे. त्यांनी आधी गाडीचं साल विचारलं, मग नंबर ताडून पाहिला, आणि त्या नंबरचं एक उघडं बेअरिंग नमुन्याला म्हणून काउंटरवर ठेवलं. शामरावांनी कडी फिरवली. ती जड फिरली आणि आवाज न करता थांबली. कडेवरची अक्षरं बारीक, करडी, हात फिरवला तरी न जाणवणारी. एका बाजूचं सील काळं होतं आणि दुसऱ्या बाजूचं तपकिरी, रबरासारखं. तपकिरी बाजू आत, गाडीकडे येते, हितेंद्रभाईंनी सांगितलं, तुमच्या मेकॅनिकला माहीत असेल. मग त्यांनी सीलबंद पाकिटातलं नवं बेअरिंग खोक्यासकट पुढे केलं. “काका, पाकीट फिटिंगच्या वेळीच फोडा,” एवढं ते म्हणाले आणि तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून तिकडे वळले.

शामरावांचा हात एकदा खिशाकडे गेला होता. पण माणूस समोर उभा आहे, मान देऊन काका म्हणतोय, आणि त्याच्या तोंडावर त्याच्या मालाला लोहचुंबक लावायचं हे बरं दिसलं नाही. गिरणीतही स्टोअरकीपरच्या समोर कुणी माल तपासत नसे. माल खात्यात आणायचा, पाठ वळली की बघायचा, अशीच रीत होती. संशय घ्यावा, पण तो समोरच्याला दाखवू नये, ह्याला ते सभ्यपणा म्हणत.

म्हणून संध्याकाळी, वैशाली कामावरून यायच्या आत, त्यांनी ब्लेडनं पाकिटाची कड अलगद उघडली. जाईबाई भाजी निवडत बघत होत्या. त्यांनी विचारलं, आणलंत ना चांगल्यातलं, मग आता काय उकरताय. शामराव म्हणाले, अजितनं आपल्यावर सोडलंय. नजरेनं पाहिलं, हातानं पाहिलं, पण लोहचुंबक लावल्याशिवाय गिरणीत एकही बेअरिंग त्यांनी साच्यावर चढू दिलं नव्हतं. आणि हे तर साच्यावर नाही, ज्या गाडीत जाईबाई बसणार त्या गाडीवर चढायचं होतं.

सील बंद असल्यामुळे आतला पिंजरा काही दिसत नव्हता. तरी त्यांनी लोहचुंबक बाहेरच्या कडीला लावलं. खट्कन बसलं, पोलाद अस्सल. काळ्या सीलवरून फिरवलं. मग उलटून तपकिरी बाजूवर फिरवलं, तर तिथंही ते ओढ घेऊन बसलं. रबराला कसं धरतं ह्याचं त्यांना नवल वाटलं. खाली पत्रा असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, तरी खात्री व्हावी म्हणून पुन्हा एकदा सावकाश, गोल, सबंध कडेनं फिरवून पाहिलं. मग पाकीट चिकटपट्टीनं बंद केलं आणि खोकं अजितच्या गाडीच्या चावीशेजारी ठेवलं. त्या रात्री ते शांत झोपले.

शनिवारी सकाळी बापलेक शिवडीला गेले. चिंतूनं खोकं बघून मान हलवली, आप्पांनी आणलंय ना, मग बघायला नको, म्हणाला. शामराव स्टुलावर ताठ बसले. जुनं बेअरिंग निघालं, नवं प्रेसवर दाबून बसलं, चाक चढलं. बंदराकडच्या रस्त्यानं एक फेरी मारली तर घूं घूं साफ गेलेलं. अजितनं शेजारी पाहून नुसता अंगठा वर केला. शामरावांनी खिडकीबाहेर तोंड वळवलं, कारण चेहऱ्यावर जे आलं होतं ते त्यांना लपवता येईना.

परत येताना गाडीच्या काट्यांशेजारी एक पिवळा दिवा लागला. लागला तो जाईचना. चिंतूनं गाडीला आपलं यंत्र जोडलं. पुढचं डावं चाक किती जोरानं फिरतंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला नीट कळत नव्हतं, आणि ते कळलं नाही तर जोरात ब्रेक मारल्यावर चाकं घसरू न देणारी यंत्रणा काम करत नाही. चिंतूनं वायर पाहिली, सेन्सर पुसला, उजव्या बाजूचा डाव्या बाजूला लावून पाहिला. दिवा आपला चालूच. शेवटी त्यानं हात पुसले आणि शामरावांकडे न बघता अजितला म्हणाला, “बेअरिंग डुप्लिकेट आहे, भाई. ह्याच्यावर महाडला जाऊ नको.”

शामराव स्टुलावरून उठले. ते काही बोलणार तेवढ्यात अजितनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

“जाऊ द्या आप्पा,” तो म्हणाला. “तुमची काय चूक. वयस्कर माणूस दिसला की गळ्यात मारतात हे लोक.”

वयस्कर माणूस. चिंतूनं ते बेअरिंग पुन्हा ओढून काढलं, अजितनं ते खोक्यात कोंबलं, गाडी चाकाविना जॅकवर राहिली आणि दोघं टॅक्सीनं ऑपेरा हाऊसला निघाले. वाटेत शामराव एकच गोष्ट घोळवत होते. कडी फिरवली, अक्षरं पाहिली, सील पाहिलं, लोहचुंबक लावलं. सगळं ठीक होतं. मग आपल्याला दिसलं नाही ते काय? का आता आपल्याला दिसतच नाही? पुढच्या वेळी अजित विचारणार नाही, ह्याची त्यांना खात्री होती, आणि त्याला दोष द्यायलाही त्यांच्यापाशी जागा नव्हती.

दुकानात शनिवारची गर्दी होती. अजित पायरीवरूनच सुरू झाला. म्हातारा माणूस बघून नकली माल देता, ह्या बेअरिंगवर माझी आई बसली असती गाडीत, अशी त्यानं तोफ डागली. गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. एकानं हातातलं खोकं काउंटरवर परत ठेवलं आणि मी जाऊन येतो म्हणून पाय काढता घेतला. हितेंद्रभाईंचा चेहरा उतरला. पण ते आवाज न चढवता म्हणाले, द्या इकडे, आधी बघू.

त्यांनी गल्ल्याखालून पासाएवढं एक हिरवट कार्ड काढलं. आधी ते एका नव्या बेअरिंगच्या तपकिरी बाजूवर ठेवलं. कार्डावर फणीच्या दातांसारख्या बारीक उभ्या रेघा उमटल्या, एकसारख्या. कार्ड सरकवावं तिथं त्याच रेघा. मग त्यांनी ते अजितच्या बेअरिंगवर ठेवलं. तिथं चार दात दिसले, पुढे नुसता डाग, मग दोन तिरके दात, मग सगळं फासटून गेलेलं.

ही तपकिरी पट्टी म्हणजे नुसतं रबर नव्हे, हितेंद्रभाई सांगू लागले. तिच्यात बारीक बारीक लोहचुंबकं ओळीनं भरलेली असतात. चाक फिरलं की गाडीचा सेन्सर त्या रेघा मोजतो आणि वेग सांगतो. ह्या बेअरिंगचा माल खराच आहे. पण रेघा पुसल्या गेल्यात. “कुणीतरी हिला मॅग्नेट लावलाय,” ते म्हणाले. “आणि साधासुधा नाही, चांगला जबरदस्त.”

रबराला धरतंय हे कालचं नवल शामरावांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. खालचा पत्रा. सावकाश, गोल, सबंध कडेनं.

“कोण लावणार मॅग्नेट?” अजित म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “चिंतूचं गॅरेज मी जन्मापासून बघतोय. आणि घरात म्हणाल, तर हे माझे वडील आहेत. फिटर होते गिरणीत. सगळ्या रिंग खात्याची बेअरिंगं ह्यांच्या हाताखालून जायची. तुम्ही बेअरिंगं नुसती विकता, शेठ. ह्यांनी ती आयुष्यभर सांभाळलीत. त्यांच्या हातून असं होणं शक्य नाही.”

शामरावांनी पोराकडे पाहिलं. हे शब्द त्याच्या तोंडून एकदा ऐकावेत म्हणून त्यांनी किती वर्षं त्या पेटाऱ्याची हकिकत सांगायला घेतली होती. शब्द आले, भर बाजारात, चारचौघांसमोर आले, आणि आले ते नेमके आता.

हितेंद्रभाई शामरावांकडे बघत होते. म्हाताऱ्या माणसाचा हात सदऱ्याच्या खिशावर घट्ट दाबलेला त्यांना दिसला असावा. त्यांनी कार्ड हळूच उचललं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “असू दे. कंपनीकडूनच तसं आलं असेल. मी बदलून देतो, काका.”

सुटका अशी ताटात वाढून समोर आली होती. नुसती मान हलवायची होती. पोराच्या नजरेत ते रिंग खात्याचे फिटर राहिले असते आणि महाडची गाडीही वेळेवर सुटली असती. फक्त हा माणूस आपल्याच दुकानात, आपल्याच गिऱ्हाइकांसमोर खोटा ठरला असता, काका म्हणता म्हणता.

“अजित, थांब,” शामराव म्हणाले. “माल खरा आहे. मी लावलं.”

त्यांनी खिशातून कापडी पिशवी काढली आणि तिची नाडी सोडली. लोहचुंबक काउंटरच्या लोखंडी पट्टीवर झेपावलं आणि टण्कन चिकटलं. शामरावांनी हितेंद्रभाईंना दोन्ही हात जोडले आणि सांगितलं की पाकीट फोडू नका म्हणाला होतात, मी फोडलं. गिरणीची सवय. तुमच्यावर संशय दाखवायला नको म्हणून इथं लावलं नाही, घरी जाऊन लावलं.

“इथं लावलं असतंत तर मी तुमचा हात धरला असता ना, काका,” हितेंद्रभाई म्हणाले. त्यांना हसू आलं होतं, पण ते हसू कुणाला टोचेल असं नव्हतं. “आणि माझंही चुकलं. पाकीट का फोडायचं नाही, ते सांगायला मी थांबलोच नाही.”

अजित त्या पट्टीकडे बघत होता. चंद्रकोरीचा आकार, आरशासारखी चकाकी, एका टोकाला बारीकसा टवका. हार्ड डिस्क उघडताना त्याचाच स्क्रू ड्रायव्हर घसरला होता, त्याचा. शामराव त्याच्या बोलण्याची वाट बघत उभे राहिले. काय ऐकावं लागेल ह्याचा अंदाज त्यांनी केला होता आणि जे येईल ते खाली मान घालून घ्यायचं, असं मनाशी ठरवलंही होतं.

“हे मी दिलेलं,” अजित म्हणाला. मग जरा थांबून, “अजून खिशात घेऊन फिरता?”

“कुठं ठेवणार?” शामराव म्हणाले.

अजितनं नखं लावून ते लोहचुंबक पट्टीवरून सोडवलं. मग तो हितेंद्रभाईंकडे वळला आणि मघाशी जितक्या मोठ्यानं बोलला होता तितक्याच मोठ्यानं त्यानं माफी मागितली, म्हणजे ज्यांनी आधीचं ऐकलं होतं त्यांना हेही ऐकू जावं. फुकट बदलून देण्याचं त्यानं ऐकलं नाही, नवीन विकतच घेतो म्हणाला. हितेंद्रभाईंनी दोन सीलबंद खोकी काउंटरवर ठेवली, दोन चांगल्या कंपन्यांची. अजितनं हात पुढे केला, आणि मागे घेतला.

“आप्पा,” तो म्हणाला, “तुम्ही बघा. कुठलं घ्यायचं?”

शामरावांना क्षणभर वाटलं की पोरगं आपल्याला बरं वाटावं म्हणून विचारतंय. पण अजित खरोखरच थांबला होता. त्याचं काही ठरलेलं दिसत नव्हतं. मग शामरावांनी चष्मा पुसला. दोन्ही पाकिटं न फोडता उजेडात धरली, कडेवरची अक्षरं वाचली, प्लॅस्टिकवरूनच बोटांनी आतली कडी हलवून पाहिली. शेवटी हितेंद्रभाईंकडे ते कार्ड मागितलं आणि पाकिटाच्या वरूनच ठेवून पाहिलं. फणीचे दात सबंध कडेनं नीट उमटले. हे द्या, ते म्हणाले.

टॅक्सीत बसताना नवाच पेच उभा राहिला. लोहचुंबक आणि बेअरिंग एका सीटवर नेणं बरं नव्हतं. शामराव म्हणाले, ते टाकून दे इथंच, आता काय करायचंय. अजित म्हणाला, टाकायचं कशाला, आईच्या सुया कोण उचलणार. त्यानं ते आपल्या खिशात घातलं आणि ड्रायव्हरशेजारी पुढे जाऊन बसला. शामराव मागे, खोकं मांडीवर घेऊन, दरवाज्याला चिकटून. ड्रायव्हरला वाटलं असेल, बापलेकाचं भांडण झालंय.

भायखळ्याच्या पुलावर टॅक्सी अडकली. अजित सीटवर हात टाकून मागे वळला.

“आप्पा, त्या पिवळ्या पिंजऱ्यांचं पुढे काय झालं?”

“ऐकलंयस तू.”

“अर्धंच ऐकलंय. तुम्ही पेटारा पकडलात, तिथंच मी तोडायचो.”

शामराव थोडा वेळ खोक्यावरचा नंबर बघत राहिले. मग म्हणाले, “पुढे काही नाही रे. खात्याचा साहेब, मास्तर, तिथं आला. सगळे उभे होते, जॉबर, मोठे फिटर, सगळे. त्यांना सोडून तो माझ्याकडे आला न् म्हणाला, शामराव, तुम्ही सांगा, कुठलं लावायचं. तोवर गिरणीत आम्हाला कुणी राव म्हटलं नव्हतं. ए झाडूवाल्या, नाहीतर ए पोऱ्या. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी मला विचारलं.”

मागचे हॉर्न वाजायला लागले होते आणि टॅक्सी पुलावरून हळूहळू उतरत होती.

“मग?” अजितनं विचारलं. “तुम्ही काय सांगितलंत?”

शामरावांनी मांडीवरचं खोकं दोन्ही हातांनी नीट धरलं आणि कुठलं बेअरिंग लावलं, का लावलं, ते पहिल्यापासून सांगायला घेतलं.